‘वन्स मोअर’ आणि मराठी रंगभूमी

‘वन्स मोअर’ हे शब्द मूळचे इंग्रजांचे. परंतु त्यांचा महाराष्ट्रात रुजलेला अर्थ सर्वस्वी मराठी होय. खुद्द इंग्रज प्रेक्षक नाट्यगृहात गाणे पुन्हा ऐकावयाचे झाल्यास बहुधा ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द उच्चारतो. इकडे मात्र पद संपता संपता पिटातून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, तिला बाल्कनीतून साथ मिळे, आणि रंगभूमीवरील सुभद्रा अथवा भामिनी आपला राग, शोक वा प्रणय क्षणभर बाजूस ठेवून पुन्हा पदाच्या पहिल्या अक्षराकडे वळे. वरवर पाहता ही एकच गोष्ट पुन्हा मागण्याची रीत दिसते. वस्तुतः श्रोत्याला तीच गोष्ट नको असे. पहिल्या खेपेस जी तान डावीकडून गेली ती दुसऱ्या खेपेस उजवीकडून कशी जाते, समेवर येण्याची नवी वाट नट कोणती काढतो, हे पाहण्यासाठी तो ती आरोळी ठोकीत असे. पद तेच, परंतु गाणे निराळे, अशी ती मागणी होती. या मागणीने संगीत रंगभूमी वाढली की बुडाली, हा वाद दोन पिढ्यांनी हिरीरीने खेळला, आणि तो अद्यापि पुरता मिटलेला नाही.

या वादाचा इतिहास पाहू जाता पुण्या-मुंबईच्या बरोबरीने वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याकडेही दृष्टी वळवावी लागते, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. खामगाव हे कापसाच्या व्यापाराचे जुने ठाणे. जलंब स्टेशनावरून खामगावास जाणारा आगगाडीचा लहानसा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, तो मुख्यतः कापसाच्या गठ्ठ्यांसाठी. पण ज्या रुळांवरून कापूस मुंबईस जातो, त्याच रुळांवरून पडदे, पेट्या, तंबू आणि नटांचा लवाजमा उलट दिशेने येऊ शकतो. भुसावळहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांना शिवून गेला, आणि नाटक मंडळ्यांना वऱ्हाड-नागपूरचा दौरा सुलभ झाला. हंगामात कापसाचा पैसा हाती आलेला व्यापारी, कचेरीतला कारकून, वकील आणि शाळामास्तर हा या मंडळ्यांचा इकडील आश्रयदाता वर्ग होय.

याच मुलखात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव-जामोद या तालुक्याच्या गावी, एक वकील आपला व्यवसाय सांभाळून नाटके लिहीत असत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८७१ चा. शिक्षण अकोल्यास व पुण्यास झाले. पुढे अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. १९०५ साली खामगाव व जळगाव हे दोन तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यात आले. म्हणून आजच्या हिशेबाने ते बुलढाण्याचे नाटककार ठरतात. नांदुरा स्टेशनावर उतरून पूर्णा नदी ओलांडून, त्या काळी बैलगाडीच्या वाटेने, जेथे जावे लागे अशा गावी वकिली केलेल्या या गृहस्थांनी महाराष्ट्रातील अग्रगण्य नाटक मंडळीच्या गाण्याचे वळण बदलून टाकले. ‘सुदाम्याचे पोहे’ या विनोदी लेखांचे कर्ते म्हणून त्यांचे नाव घरोघर ठाऊक आहे. १९२७ साली पुण्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्षही होते. परंतु या सर्वांच्या आधी ते नाटकाचे निस्सीम शोकी होते. त्यांचे नाटककाराचे कर्तृत्व या प्रेक्षकपणातूनच उगवले, आणि म्हणूनच ‘वन्स मोअर’च्या कथेत त्यांना मानाचे स्थान आहे.

कोल्हटकरांनी काय बदलले हे कळण्यास त्यांच्या आधीचे गाणे कसे होते ते पाहिले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, आणि मराठी संगीत नाटकाचा खरा संसार सुरू झाला. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’ आले. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या वर होती. इतकी पदे एका रात्रीत म्हणावयाची तर प्रत्येक पद आटोपशीर असणे क्रमप्राप्तच होते. साकी, दिंडी, कीर्तनकारांच्या चाली, लावणीचे व स्त्रियांच्या गाण्यांचे वळण, आणि मधून मधून कर्नाटकी ढंग, असा तो घरगुती साठा होता. गद्याने कथा जेथे सोडली तेथे पदाने ती उचलावी आणि पुढच्या वळणावर पुन्हा गद्याच्या हाती द्यावी, अशी ती व्यवस्था. श्रोत्याला ती चाल आधीच ठाऊक असे. घरी आजीच्या ओव्यांत, देवळात हरिदासाच्या तोंडी त्याने ती ऐकलेली असे. अपरिचित असे ते एवढेच, की ती आता शकुंतलेच्या अथवा नारदाच्या मुखातून येत होती.

या आटोपशीर पदांना पहिला पल्ला दिला तो भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने. बडोद्याहून १८८२ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि सुभद्रेच्या भूमिकेने त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. प्रेक्षक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणत. ध्वनिक्षेपकाचे नावही ठाऊक नसलेल्या त्या काळात वरच्या पट्टीतला, थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज हीच नटाची पहिली पुंजी होती, आणि ती भाऊरावांपाशी विपुल होती. नाटककाराने लिहिलेल्या ओळींपेक्षा गळा अधिक काही देऊ शकतो, आणि ते ‘अधिक’ मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही जाणीव प्रेक्षकाला येथे प्रथम झाली. १९०१ साली भाऊराव ऐन उमेदीत निवर्तले. त्यांच्या गाण्याची केवळ आठवणच पुढील पिढ्यांना मिळाली. पण त्या आठवणीने प्रेक्षकाला लावलेली चटक कायम राहिली.

अशा वेळी, १८९६ साली, किर्लोस्कर मंडळीने श्रीपाद कृष्णांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. त्यात कथानक पुराणातले नव्हते आणि चालीही कीर्तनातल्या नव्हत्या. पारशी मंडळ्यांच्या उर्दू व गुजराथी नाटकांत जी चटकदार, ठेकेबाज गाणी म्हटली जात, त्यांच्या धर्तीवर कोल्हटकरांनी आपली पदे बांधली. त्या काळच्या छापील नाटकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा पहिला तुकडा दिलेला असे. त्यावरून कवीच्या कानांवर काय पडत होते याचा माग आजही काढता येतो. किर्लोस्करांचे पुस्तक उघडले तर या जागी कीर्तन व लावणी दिसते. कोल्हटकरांचे उघडले तर मुंबईच्या पारशी थिएटरचे पडसाद उमटतात. चाल आधी आणि शब्द मागाहून, हीच बहुतेक पदांची जन्मकथा असल्याने कवीची निवड म्हणजे मुळात श्रोत्याचीच निवड होती. जे गाणे प्रेक्षक म्हणून मनात घर करून बसले, ते नाटककार होताच त्यांनी मराठी शब्दांत उतरविले.

या नव्या चालींवर टीकेचा भडिमार झाला. आपले सोवळे गाणे सोडून परक्यांचा बाजारी माल आणला, असा जुन्या रसिकांचा सूर होता. तो सर्वस्वी अन्यायाचा होता असेही म्हणवत नाही. कारण ठेक्याच्या भरात पदाचा अर्थ आणि पात्राची मनःस्थिती मागे पडण्याचा धोका खरोखरच होता. त्यात कोल्हटकरांची भाषा कोटिबाज, कल्पना गुंतागुंतीच्या. गाताना शब्द कळावेत तर मन चालीवरून ढळे, आणि चालीवर डोलावे तर कोटी निसटे. तथापि त्यांनी केलेली एक गोष्ट कोणालाही पुसता येणार नाही. नाटकातील गाणे हे परंपरेने ठरवून दिलेले नाही, ते बदलू शकते, आणि त्याने श्रोत्याला चकित करावे ही अपेक्षा गैर नाही, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. ‘मूकनायक’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’ ही त्यांची पुढील नाटके याच वाटेने आली. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. ‘एकच प्याला’तील शब्दांचा झगमगाट पाहिला म्हणजे ते शिष्यत्व वरपांगी नव्हते याची खात्री पटते.

कोल्हटकरांनी दार उघडले. त्यातून आत आलेले गाणे मात्र त्यांच्याही कल्पनेपेक्षा मोठे होते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या होत्या. टेंबे हे हार्मोनियमचे निष्णात वादक. उत्तर हिंदुस्थानातील गायिकांच्या ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांचा त्यांचा कान तयार झालेला. त्यांनी पदांसाठी तीच घराणेदार वस्तू निवडली. पुढे १० डिसेंबर १९१६ रोजी रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, आणि त्यांत तर ख्यालाच्या बंदिशीच पदांच्या रूपाने अवतरल्या. पदांची संख्या ‘शाकुंतला’च्या मानाने कितीतरी उतरली, पण एकेका पदाच्या पोटात मावणारे गाणे अनेक पटींनी वाढले.

हा फरक संख्येचा नसून जातीचा आहे. साकी अथवा दिंडी ही आगगाडीच्या डब्यासारखी असते. ठरलेल्या जागी बसावे, ठरलेल्या स्टेशनावर उतरावे. बंदिश ही विहिरीसारखी असते. तिचे तोंड लहान, परंतु पोहणाऱ्याचा दम असेल तितके खोल जाता येते. पदाचा मुखडा एकदा कानात बसला, की गायकाने त्यातील एखादा शब्द उचलावा, त्याला रागाच्या निरनिराळ्या स्वरांवरून फिरवून आणावे, तबलजीने लग्गी लावून त्याला डिवचावे, सारंगीने त्याची तान झेलून परत करावी, आणि सर्वांनी मिळून नेमके समेवर यावे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखी माणसे असत. असे साथीदार पुढ्यात असता कोणता गायक काल म्हटले तेच आज म्हणून स्वस्थ बसेल? साथीदार गायकाला नव्या जागा सुचवीत, गायक त्यांना कोड्यात टाकी, आणि श्रोता हा खेळ ओळखून दाद देई. अशा रीतीने पदाचे कर्ते चार झाले: कवी, चाल देणारा, गायक आणि साथीदार. पाचवा कर्ता पिटात बसलेला होता, आणि त्याचे आयुध म्हणजे ‘वन्स मोअर’.

या खेळाचे सर्वांत मोठे खेळगडी नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हे होत. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत त्यांचा प्रवेश झाला आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या गाण्याचे मर्म असे, की ते विस्तार करीत तो शब्दाला धरून. रुक्मिणीचा लाजरेपणा, भामिनीचा मानीपणा, सिंधूची सोशीकता यांना सोडून तान एकटीच उंडारत गेली असे क्वचितच घडे. एका ओळीतील एकच शब्द ते चार प्रकारांनी उच्चारीत, आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाचा थोडा निराळा अर्थ श्रोत्याच्या पदरी पडे. याच्या उलट प्रकृती दीनानाथ मंगेशकरांची. बळवंत संगीत मंडळीत त्यांचे गाणे विजेसारखे चमके. अनपेक्षित स्वरावर झेप, पंजाबी वळणाची गिरकी, आणि श्रोता सावरतो न सावरतो तोच सम. अमरावतीच्या वीर वामनराव जोशांच्या ‘रणदुंदुभि’ला, १९२७ मध्ये, हा आवेशी गळा लाभला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले तिसऱ्या जातीचे. त्यांचा तेजस्वी, चढा सूर नाट्यगृहाचे छप्पर उचलून धरी.

साहजिकच रसिकांचे पक्ष पडले. कोणाचे ‘मानापमान’ श्रेष्ठ, कोणाची कोणती तान कोणत्या गावी अधिक रंगली, या विषयांवर वाड्यांच्या ओट्यांवर आणि वकिलांच्या बैठकीत रात्री जागविल्या जात. एकाच नाटकाचे दहा-वीस प्रयोग पाहणारे वेडे पीर गावोगाव असत. कथानक ठाऊक, संवाद पाठ, पदे तोंडात. तरीही ते पुन्हा जात, कारण आजची रात्र कालच्यासारखी नसणार याविषयी त्यांची खात्री असे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन पक्षांचे दोन देव एका रंगमंचावर उभे राहिले, आणि त्या रात्रीची चर्चा पुढे कित्येक वर्षे पुरली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. तो योग पुन्हा कधी आला नाही.

आता या हक्काची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. कारण रसिकांच्या आठवणींत ती बहुधा झाकली जाते. समजा, एखादे पद पाच मिनिटांचे आहे आणि त्याला तीन ‘वन्स मोअर’ मिळाले. म्हणजे त्या एकाच पदास वीस मिनिटे लागली. अशी दहा पदे झाली की मूळच्या नाटकात अडीच तासांची भर पडते. रात्री सुरू झालेला खेळ पहाटे संपतो तो असा. सिंधूने पतीच्या व्यसनाने व्याकूळ होऊन पद म्हणावे, सर्व नाट्यगृहाचे डोळे पाणावावेत, आणि त्याच क्षणी पिटाने तिला तो शोक पुन्हा पहिल्यापासून करावयास लावावे, ही गोष्ट विचार करणाऱ्यास विलक्षण वाटल्यावाचून राहत नाही. शोक असा मागणीबरहुकूम पुरवता येतो काय? आला, तर तो शोक कोणाचा? पात्राचा की गायकाचा?

नाटककारांच्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्या क्षणी प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणतो त्या क्षणी रुक्मिणी मरते आणि नारायणराव उरतात. कथेचा धागा तुटतो, बाकीची पात्रे हात बांधून उभी राहतात, गद्य नट हिरमुसतात, आणि नाटक म्हणजे पदांच्या मैफलीला जोडलेली निमित्तमात्र गोष्ट होऊन बसते. गायकीच्या पक्षाचे उत्तर तितकेच भक्कम होते. ज्या समाजात उत्तम गाणे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात अथवा कोठीवर कोंडलेले होते, तेथे एका तिकिटाच्या किमतीत खामगावच्या कारकुनाला आणि त्याच्या कुटुंबाला भास्करबुवांची बंदिश ऐकावयास मिळाली, ती या रंगभूमीमुळे. ऐकता ऐकता त्याचा कान तयार झाला. राग कोणता हे त्याला सांगता आले नाही तरी सूर चुकला की त्याच्या कपाळाला आठी पडू लागली. महाराष्ट्रात अभिजात संगीताला जो जाणता श्रोतृवर्ग पुढे लाभला, त्याची शाळा ही, आणि ‘वन्स मोअर’ हा त्या शाळेतील उजळणीचा पाठ.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु खरा घाला तिसऱ्याच दिशेने आला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यास ध्वनिमुद्रणाचा आरंभ केला आणि १९०८ च्या सुमारास तेथेच तबकड्या तयार होऊ लागल्या. मिनिटास सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. वीस मिनिटे फुलणारे पद त्या मापात कापून बसवावे लागले. या तबकड्यांनी उपकारही मोठे केले. ज्या गावी मंडळी कधीच येणार नाही तेथे बालगंधर्वांचा सूर पोचला, आणि आजच्या पिढीला त्या गळ्याची जी काही ओळख आहे ती त्यांच्यामुळेच. परंतु तबकडीने श्रोत्याची सवय पालटली. शंभर वेळा ऐकून पाठ झालेली ती तीन मिनिटे हेच पदाचे प्रमाण रूप, अशी त्याची समजूत होऊ लागली. पूर्वी तो निराळे ऐकण्यासाठी ‘वन्स मोअर’ देत असे. आता तो तबकडीवरचेच ऐकण्यासाठी देऊ लागला. शब्द तेच राहिले, मागणी उलटी झाली. नव्या गळ्याने जुन्या पदात स्वतःची जागा काढली, तर त्याचे कौतुक करण्याऐवजी मूळ तसे नाही म्हणून त्याला दोष देण्याची चाल येथून पडली.

त्यातच १९३१ साली बोलपट आला. एकदा चित्रित झालेला खेळ शंभर गावी एकाच वेळी, एकाच रूपात, थोडक्या पैशांत दिसू लागला. नाटकगृहांचे चित्रपटगृहांत रूपांतर झाले; कर्जाच्या ओझ्याने वाकलेल्या मंडळ्या एकामागून एक मोडल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने आटोपशीर, घरगुती, मोजक्या गाण्यांच्या नाटकाचा पायंडा पाडला, आणि सुशिक्षितांचा ओढा तिकडे वळला. १९३४ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वारले. पुढच्याच वर्षी बालगंधर्व ‘धर्मात्मा’ या बोलपटात दिसले. ‘वन्स मोअर’ने रंगभूमी बुडविली असे म्हणणाऱ्यांनी हा सर्व हिशेब ध्यानी घ्यावा. पहाटेपर्यंत लांबणाऱ्या खेळाने तिला थकविले यात संशय नाही. पण तिचा ग्राहक पळविला तो स्वस्त, आखूड आणि न बदलणाऱ्या करमणुकीने.

तथापि ही कथा १९३५ साली संपत नाही, आणि तिचा पुढील अध्याय पुन्हा वऱ्हाडच्याच मातीतून उगवलेला आहे. शेगावहून आगगाडीने पूर्वेस निघाले की अकोल्यापलीकडे मूर्तिजापूर लागते. तेथे १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले. नागपुरास त्यांनी गाण्याचे धडे घेतले आणि दीनानाथांच्या गायकीचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला. १९६७ सालच्या जुलैत बालगंधर्वांनी देह ठेवला; त्याच वर्षी २४ डिसेंबरला नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. त्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते आणि वसंतरावांनी त्यात खाँसाहेबांची भूमिका केली. हे नाटकच गवयांचे, घराण्यांच्या वैराचे. त्यामुळे जुना तंटा येथे आपोआप मिटला. रुक्मिणीने तानबाजी का करावी असा प्रश्न विचारता येई. गवयाने गाऊ नये असे कोण म्हणेल? पदाचा विस्तार हाच येथे पात्राचा स्वभाव ठरला. वसंतरावांचे गाणे एका प्रयोगासारखे दुसऱ्या प्रयोगास होत नसे, आणि त्यांच्यासाठी तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहणारा नवा वर्ग महाराष्ट्रभर निर्माण झाला. कोल्हटकरांच्या काळचा प्रेक्षक मेला नव्हता. त्याला जागे करणारा गळा हवा होता, इतकेच.

ही वृत्ती मराठी माणसाचीच आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत ‘जॅम बँड’ म्हणून वाद्यवृंदांचा एक संप्रदाय आहे; चार-सहा वादकांनी ठरलेले गाणे सुरू करावे आणि एकमेकांचे ऐकत, आयत्या वेळी सुचेल तसे ते वाढवीत न्यावे, ही त्याची रीत. १९६५ साली कॅलिफोर्नियात निघालेला ‘ग्रेटफुल डेड’ हा त्याचा मूळपुरुष. तीस वर्षांत त्याने सुमारे २,३०० जलसे केले, आणि त्याचे भक्त गावामागून गाव त्याच्या पाठोपाठ हिंडत. कारण गाण्यांचा क्रम रोज निराळा आणि एकेका गाण्याची लांबीही निराळी. १९८४ पासून तर श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करता यावे म्हणून प्रेक्षागृहात खास जागा राखून ठेवण्यात येऊ लागली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला त्यांचा जलसा अशाच फितींच्या देवघेवीने जगप्रसिद्ध झाला, आणि तो सर्वांत उत्तम की नाही यावर तेथील रसिक आजही भांडतात. वाड्याच्या ओट्यावर बसून ‘मानापमाना’च्या दोन रात्रींची तुलना करणाऱ्या आपल्या आजोबांना त्यांची भाषा कळली नसती; भांडण मात्र तत्काळ कळले असते. अंतर एवढेच, की त्यांच्यापाशी फिती होत्या, आणि आपल्याकडील ओट्यावरच्या मंडळींपाशी केवळ स्मरण. म्हणूनच भाऊरावांची एकही तान आज कोणाला वाजवून दाखविता येत नाही.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य पाहू गेले तर दोष अथवा श्रेय एकट्या गायकाच्या माथी मारता येत नाही. समोरासमोर होणारे गाणे ही अर्धी श्रोत्याची निर्मिती असते. तो काय मागतो यावर गायक काय देतो हे पुष्कळ अंशी अवलंबून राहते. पिटातल्या ज्या माणसाने नव्या जागेला दाद दिली, त्याने बालगंधर्व घडविण्यास हातभार लावला. आणि ज्याने केवळ पाठ झालेल्या ओळीसाठी आरडाओरडा केला, त्याने गायकाला स्वतःचीच नक्कल करावयास लावले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी जो धडा दिला तो असाच होता. त्यांना जे जुने आवडत होते ते कवटाळून न बसता, जे नवे कानाला रुचले ते त्यांनी निर्भयपणे मागितले आणि टीका सोसून रंगभूमीवर आणले. त्यांच्या चाली आज फारशा कोणी गात नाही. परंतु त्या मागणीच्या बळावरच पुढच्यांना आपल्या बंदिशी घेऊन येण्याचे धैर्य झाले.

आज गाणे घरोघर यंत्रातून हवे तेव्हा आणि हवे तितक्या वेळा वाजते. त्याला ‘वन्स मोअर’ म्हणण्याची गरज उरलेली नाही, कारण ते कधी निराळे होतच नाही. तरीही खामगाव, मलकापूर, मेहकर यांसारख्या गावी जेव्हा एखादा तरुण गायक जुने नाट्यपद घेऊन माणसांपुढे बसतो, तेव्हा तो जुना हक्क श्रोत्याच्या हाती आपोआप परत येतो. तबकडीवरच्या बालगंधर्वांशी तंतोतंत जुळले म्हणून टाळी द्यावयाची, की त्या तरुणाने स्वतःच्या बुद्धीने एखादी लहानशी वाट काढली म्हणून द्यावयाची, हे ठरविणे सर्वस्वी श्रोत्याकडे असते. आणि तो जे ठरवील, त्यावरच पुढच्या खेपेस ते पद जिवंतपणी गाइले जाईल की नुसतेच आठवले जाईल, हे अवलंबून राहील.